आमच्या नौपाड्यातल्या फटफट्या

आमच्या नौपाड्यात रविवार उजाडतो तो पाण्याच्या आवाजाने. कोंबडा आरवण्याचे दिवस केव्हाच गेले, भूपाळ्याही गेल्या. दूधवाला दाराला पिशव्या अडकवून गेला की अर्ध्या तासाच्या आत खालच्या आवारात कुणीतरी नळ सोडतो, रिकाम्या बादलीच्या बुडावर धार वाजते आणि पाठोपाठ ओले फडके झटकल्याचा फटकारा ऐकू येतो. लगेच पलीकडच्या इमारतीतून त्याला उत्तर मिळते. घंटाळीपासून राम मारुती रोडपर्यंत आणि विष्णुनगरापासून भास्कर कॉलनीपर्यंत दुचाकींचे अभ्यंगस्नान सुरू झालेले असते.

मी ह्या स्नानसंध्येतला नव्हे. माझ्याकडे एक मोटारसायकल आहे. आर. सी. बुकात तिचा रंग काळा असल्याची नोंद आहे म्हणून तो काळा मानायचा, एरवी खात्री देणे कठीण होते. पावसाळ्यात वरुणराजाने तिला धुवावे आणि उन्हाळ्यात मेट्रोच्या कामाच्या धुळीने तिला झाकावे, हा निसर्गक्रम आम्ही दोघांनी कधीचा मान्य केला होता. २०२४ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासायला निघालो होतो, पाहतो तर टाकीवरच्या धुळीत कुणा पोराने बोटाने लिहून ठेवलेले : ‘मला धूवा.’

मराठी शिकवून मला वीस वर्षे झाली. ह्या धंद्यात डोळा आधी जातो तो ऱ्हस्व-दीर्घावर. मी खिशातून रुमाल काढला, ‘धू’चा दीर्घ ऊकार पुसला, बोटाने तिथे नीटस ऱ्हस्व उकार काढला आणि कॉलेजला निघून गेलो. संध्याकाळी हा पराक्रम घरी सांगितला, तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, “तपासलीत ते बरे केलेत. मार्क किती दिलेत?”

आता प्राध्यापकाला कुणी टोचले, की तो आपली चूक सुधारण्याऐवजी त्या विषयावर संशोधन करू लागतो. उत्तरपत्रिका संपल्या, सुट्टी लागली. मी एक लहानशी वही घेतली आणि ओळीने तीन रविवार सकाळी सहा ते नऊ नौपाड्याच्या गल्ल्या हिंडलो. प्रश्न एकच ठेवला होता : तुम्ही गाडी किती वेळा धुता?

उत्तरही जवळजवळ एकच आले : “दर रविवारी.” ज्याच्या चाकाच्या पंख्याखाली मागच्या पावसाळ्यातला चिखल वाळून खडक झाला होता, तो गृहस्थही “दर रविवारी” असेच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. ‘वाचन चालूच असते’, ‘पहाटे फिरायला जातो’ ह्या जातीचे हे उत्तर आहे. माणूस खोटे बोलत नाही, तो आपण कसे असायला हवे होते ते सांगतो. दुसऱ्या रविवारी मी शहाणा झालो आणि प्रश्न बदलला : शेवटची कधी धुतलीत?

तेव्हा मात्र माणसे खरी बोलू लागली. एक तरुण हसून म्हणाला, “लग्नाच्या आदल्या दिवशी.” मागे सीटला बांधलेली लहान मुलाची खुर्ची बघून मी पुढे विचारले नाही. बँकेत अधिकारी असलेल्या एक बाई आपली स्कूटर मऊ फडक्याने अगदी हळुवार पुसत होत्या. म्हणाल्या, “परवाच. सासूबाई मागे बसणार होत्या, पांढऱ्या साडीला डाग नको.” घंटाळीच्या देवळाजवळ एक गुरुजी भेटले. दसऱ्याच्या दिवशी ह्यांच्या हातून कितीतरी वाहनांची पूजा होते, आणि ह्यांच्या स्वतःच्या स्कूटरच्या मडगार्डावर मात्र शेवाळ धरले होते. मी नुसता बघत राहिलो. तेच म्हणाले, “दुसऱ्यांच्या गाड्यांवर इतके पाणी शिंपडतो, त्यातले थोडे उडतेच हो हिच्यावर.”

हरिनिवासच्या चौकात झाडाखाली घरपोच खाणे पोचवणारा एक मुलगा गाडीला टेकून उभा होता. गाडी धुळीने माखलेली, पण पुढच्या दिव्याची काच, दोन्ही आरसे आणि मागची पाटी आरशासारखी लख्ख. “काका, धुवायला वेळ कुठला?” तो म्हणाला. “पण एवढे रोज पुसतो. रात्री दिसले पाहिजे, मागचा कळला पाहिजे, पाटीवर धूळ म्हणून पोलिसाने थांबवायला नको. गाडी माझी आहे, पण दिवस कंपनीचा आहे ना.” माझ्या वहीतले सगळ्यात शहाणपणाचे उत्तर हेच होते. आळस करायचाच झाला तर कुठे करावा आणि कुठे करू नये, हे त्याला पक्के कळले होते.

आणि पुष्कळ ठिकाणी तर मालकाने गाडीला हात लावायचाच नसतो. महिन्याला ठरावीक पैसे दिले की इमारतीचा राखणदार पहाटे ते काम उरकतो. बादली एक, फडके एक आणि गाड्या चौदा, असा तो हिशेब मी डोळ्यांनी पाहिला. पहिल्या गाडीच्या वाट्याला स्वच्छ पाणी येते, चौदाव्या गाडीला आधीच्या तेरांचा प्रसाद मिळतो. शिवाय धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिच्यावर आधी पाणी न ओतता फडके दाबून फिरवले, की ते पॉलिशपेपरासारखे काम करते. उन्हात तिरके उभे राहून टाकीकडे बघावे, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. ते रस्त्यावर पडलेले नसतात, ते पुसण्याचे असतात. राखणदाराला हे ठाऊक होते. पण साहेब लोकांना आठच्या आत गाडी पुसून हवी असते, तो तरी काय करील?

नव्याचे नऊ दिवस ही म्हण मोटारसायकलीच्या बाबतीत महिनाभर लागू पडते. पहिल्या महिन्यात मालक दोन वेळा पुसतो, रात्री गॅलरीतून वाकून बघतो, सीटवर कबुतर बसले तर टाळ्या वाजवतो. (कबुतराच्या विष्ठेने रंग खरोखरच खराब होतो, ती फार वेळ राहू देऊ नये, आणि जांभळाच्या झाडाखाली गाडी ठेवणाऱ्याने तर सीटचा मूळ रंग विसरावा.) पुढे पहिला चरा पडतो आणि रोजचे आठवड्यावर येते. पहिला पावसाळा जातो आणि आठवड्याचे महिन्यावर येते. मग एखादा टेम्पो मागे येताना मडगार्ड चेपून जातो, आणि त्या दिवसापासून गाडी फक्त दसऱ्याला धुतली जाते.

दसरा मात्र कुणी सोडत नाही. हे आपल्या रक्तातच आहे. आमचे मूळ गाव देशावरचे. तिथे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. जू बसून बसून खांदा जिथे सोलवटतो, तिथे कोमट पाण्याने शेकायचे आणि तूप-हळद चोळायची. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल आणि पुरणपोळीचा घास. झूल आणि रंग सगळ्यांना दिसतात. पण जाणता शेतकरी आदल्या दिवशी खांद्यावरून हात फिरवतो तो जखम कुठे आहे हे बघण्यासाठी. हे मी लहानपणी आजोबांकडे पाहिले होते. त्याचा अर्थ कळायला मला कोपरीच्या पुलावर जावे लागले, पण ते पुढे येईल.

तसा नौपाडा काही फटफटीचा मुलूख नव्हे. सगळा नौपाडा पायी वीस मिनिटांत पालथा घालता येतो. सहयोग मंदिरात व्याख्यान असो, १९७८ साली उभ्या राहिलेल्या गडकरी रंगायतनात नाटक असो, किंवा १८९३ पासून चालत आलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातले पुस्तक बदलायचे असो, जुनी मंडळी चालतच जात. माझ्या लहानपणी इथे एकमजली-दुमजली घरे होती, पुढे अनंत-तगरीची झाडे आणि मागे विहीर. आमच्या अख्ख्या गल्लीत तेव्हा फटफट्या दोनच : एक आमच्या तीर्थरूपांची राजदूत आणि दुसरी तळमजल्यावरच्या नानांची जावा.

‘फटफटी’ हा शब्द मला फार आवडतो. मोटारसायकल म्हटले की कारखाना दिसतो. फटफटी म्हटले की आवाज येतो, धूर येतो, आणि मागे साडीचा पदर आवरून एका बाजूला बसलेली आई दिसते. तो आवाज आता फारसा उरला नाही, म्हणून शब्दही चालला आहे. एके काळी आपल्याकडे मोटारसायकली म्हणजे मुख्यतः तीन नावे. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसूरची जावा, जी १९७३ पासून येझदी झाली, आणि पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, १९६२ ची एस्कॉर्ट्सची राजदूत. स्कूटर घ्यावी तर भांडुपला लॅम्ब्रेटाचा कारखाना होता, पुण्याची बजाज होती. पण बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १९६२ साली आमच्या वागळे इस्टेटीत झाला. कारखाने वाढले. तीर्थरूप तिथेच एका कारखान्यात कामाला होते. पहिल्या पाळीला सायकलीने दम लागतो म्हणून त्यांनी जुनी राजदूत घेतली.

बुलेट सोडली तर ह्या गाड्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, ते जळायचे, आणि काजळी सायलेन्सरात साचून राहायची. काही महिन्यांनी गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागे. मग एका रविवारी तीर्थरूप सायलेन्सरच्या पोटातली नळी बाहेर काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवीत, आणि त्या पिंपाच्या आसपास आम्ही फिरकू नये म्हणून विटांची लक्ष्मणरेषा आखीत. दुसऱ्या दिवशी काजळीचे पापुद्रे खरवडून काढायचे. स्पार्क प्लग पॉलिशपेपराने घासायचा. रॉकेलात बुडवलेल्या चिंधीने इंजिनाच्या पात्या पुसायच्या. माझ्याकडे काम असे ते चाकांच्या आऱ्यांचे. जुना दातांचा ब्रश घेऊन एकेक आरा घासायचा. एका चाकाला मोजून छत्तीस आरे, त्यामुळे माझा आणि त्या कामाचा पहिल्यापासूनच छत्तीसचा आकडा जमला. तीर्थरूप मधूनच येऊन एखाद्या आऱ्याला नखाने टिचकी मारीत आणि कान देऊन ऐकत. “हा सैल झालाय,” म्हणत. मला वाटे, हे नुसते मला पुन्हा घासायला लावण्याचे निमित्त.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल नको, काजळीचा त्रास नाही, आवाजही नाही. हळूहळू सगळ्याच गाड्या तशा झाल्या. म्हणजे असे, की पूर्वी फटफटी साफ केल्याशिवाय चालतच नसे. आता ती न पुसताही चालू लागली. पुसणे हे चालण्यासाठी न राहता दिसण्यासाठी उरले. माझ्यासारख्या आळशांचे युग तिथून सुरू झाले. गुढीपाडव्याला स्वागतयात्रेत नऊवारी नेसून मुली फटफट्यांवर बसतात, दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर तरुण मंडळींची गर्दी लोटते, तेव्हाच्या गाड्या पाहाव्यात. एकेक अशी चकाकते, की तिच्यात बघून भांग पाडावा. (टायरांना लावतात ते चकाकीचे औषध मात्र माणसाने टायरच्या बाजूंनाच लावावे. जमिनीला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकच्या चकतीवर ते गेले, तर चकाकी इस्पितळात नेऊन पोचवते.)

त्याच मे महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्यावरून सभा झाली. ठाण्याला तळी उदंड, पण महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. पाणी येते ते भातसा आणि उल्हास नद्यांकडून, आणि मध्ये कुठे दुरुस्ती निघाली की दिवसभर नळ कोरडे. अशा दिवसांत तिसऱ्या मजल्यावरचे चिरंजीव आपल्या नव्या गाडीवर पाइप धरून उभे होते, ते चौथ्या मजल्यावरच्या आजींनी पाहिले. झाले! सभेत दोन तट पडले. माझ्याजवळ वही होती आणि वहीत आकडे होते, म्हणून मी नको तिथे उभा राहिलो. घड्याळ लावून पाहिले होते, पाइप अठरा मिनिटे चालला. त्याच पाइपाने पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे एका फटफटीला दोनशे सोळा लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असावे असा सरकारी दंडक आहे. आमच्या चिरंजीवांच्या गाडीने दीड माणसाचे पाणी संपवले होते.

“मग काय घाण ठेवू?” चिरंजीव म्हणाले. रास्त प्रश्न होता.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून नाना उठले. वय ऐंशीच्या घरात, वागळे इस्टेटीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी चड्डीत होतो तेव्हापासून मला ओळखतात. “बादली एक पुरे,” ते म्हणाले. “उद्या सकाळी खाली या, दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी सात-आठजण खाली जमलो. नानांची १९७२ सालची जावा तिथे उभी होती, गर्द तांबड्या रंगाची, बैलाच्या वशिंडासारखी भरदार टाकी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हिची किक आणि गिअर हा एकच दांडा. गाडी सुरू झाली की तो पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. नानांनी विहिरीतून एक बादली काढली. आधी तांब्याने वरून खाली पाणी सोडले, आणि ती थोडी तशीच राहू दिली. “माती भिजू दे. भिजली की आपण होऊन सुटते.” मग जुन्या बनियनचा तुकडा, तोही दर वेळी पिळून. टाकीचा वेगळा, चाकांचा वेगळा. “खालचे फडके वर आणायचे नाही. पायपुसण्याने तोंड पुसतो का आपण?” गाडी तापलेली असताना इंजिनावर गार पाणी ओतायचे नाही. वॉशिंग सेंटरात जोराचा फवारा मारतात तो चाकाच्या मध्यावर आणि वायरींच्या जोडांवर नको, पाणी आत बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस बाहेर निघते. धुऊन झाल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून तो वाळवल्याशिवाय रस्त्यावर जायचे नाही. बादलीत शेवटी वीतभर पाणी उरले, ते त्यांनी तगरीला घातले.

मंडळी पांगली. मी निघालो तेव्हा नाना माझ्या मागे आले. त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून साखळी दोन बोटांनी वर उचलली, सोडली.

“मास्तरा, ही कोरडी आहे बघ. आणि सैलही. माझ्या जावाची साखळी पेटीत बंद असते, तुझी उघडी आहे. पावसाच्या आधी साफ करून घे.”

“करतो नाना.”

“आज कर.”

“हो हो,” म्हणालो आणि वर येऊन वही लिहीत बसलो. फटफटी किती वेळा धुवावी ह्याविषयी माझ्याजवळ तोपर्यंत साठ पानांचा मजकूर जमला होता.

जुलै उजाडला. ठाण्यात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै त्यातला मोठा वाटा उचलतो. एका संध्याकाळी मुलुंडहून कन्येला तिच्या मैत्रिणीकडून घेऊन परतत होतो. ती तेव्हा तेरा वर्षांची. मागे बसलेली, दोन्ही हातांनी माझा रेनकोट धरलेला. दोन-तीन दिवस साखळीतून करकर येत होती. पावसात सगळेच करकरते म्हणून मी सोडून दिले होते. कोपरीच्या पुलाच्या चढावर मी मूठ पिळली आणि खडाक् असा आवाज झाला. इंजिन ओरडले, पण गाडी पुढे जाईना. मागे साखळी रस्त्यावर पडली होती, मेलेल्या धामणीसारखी. त्याच क्षणी मागून मालट्रकचा दिवा आमच्या अंगावर पडला.

ट्रकवाल्याने गाडी वळवली. तो भला माणूस कोण, कुठला, मला कधीच कळणार नाही. आम्ही कडेला आलो. पाऊस कोसळत होता आणि माझे पाय लटपटत होते. कन्या काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “बाबा, नाना म्हणाले होते ना?”

गाडी ढकलत आम्ही पूल उतरलो. मेकॅनिकने साखळी हातात घेऊन दाखवली. कड्यांमध्ये वाळू आणि गंज ह्यांचा लगदा झाला होता, कड्या वळेनात. दोष गाडीचा नव्हता, कारखान्याचा नव्हता. “तुटून खाली पडली म्हणून वाचलात,” तो म्हणाला. “चाकात गुंडाळली असती तर चाक जागीच बसले असते.” त्याने पुढे काय झाले असते ते सांगितले नाही. मीही विचारले नाही.

त्या रात्री मला आजोबांचा हात आठवला, बैलाच्या खांद्यावरून फिरणारा. आऱ्यांवर टिचकी मारणारे तीर्थरूप आठवले. फडके गाडीवरून फिरते तेव्हा त्याच्याबरोबर बोटे फिरत असतात. कुठे ऑइलचा ओला ठिपका लागतो, कुठे नट सैल लागतो, कुठे टायरला चीर लागते. माझ्या साठ पानांत रंग होता, पाणी होते, माणसांच्या तऱ्हा होत्या, बोटे नव्हती.

वही मी रद्दीत घातली. त्यानंतर दर पाचशे किलोमीटरला साखळी. नानांनी शिकवले तसे : गाडी उभ्या स्टँडवर घ्यायची, इंजिन बंद, डिझेलात भिजवलेल्या ब्रशाने कड्या घासायच्या, कोरड्या फडक्याने टिपायच्या आणि मग नव्वद नंबरचे ऑइल थेंब थेंब आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून कधीच नाही; बोटे गमावलेली दोन माणसे नानांनी कारखान्यात पाहिली आहेत. पावसाळ्यात पाचशेची वाटही बघायची नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पहाटेच बादली घेऊन खाली उतरलो. कन्या आपण होऊन आली. इंग्रजी माध्यमात शिकते. तिच्या मराठीबद्दल आमच्या घरात काय चालते ते मराठीच्या प्राध्यापकाने न सांगितलेले बरे. टाकी धुऊन झाली, काळा रंग खरोखरच काळा निघाला. तिने फडक्याने तो कोरडा केला आणि म्हणाली, “ते मी लिहिले होते, मे महिन्यात.”

“काय?”

“मला धुवा. तुम्ही नुसता उकार दुरुस्त केलात. मला वाटले, गाडी धुवाल.”

मी चाकापाशी बसून साखळी पुसत राहिलो. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातला, आपट्याचे पान ठेवले. गुरुजींची स्कूटरही त्या दिवशी धुतलेली होती. आम्ही दोघेही त्याबद्दल काही बोललो नाही.

आता आमची इमारत पाडून तिथे मनोरा उभा राहायचा आहे. नौपाड्यात दर दोन घरांमागे एकाची ही गत चालली आहे, म्हणून त्याचे रडगाणे गात नाही. वर लिफ्ट येणार ह्याचा सौ.ला आनंदच आहे. नव्या इमारतीत गाड्या यंत्राने उचलून एकावर एक रचणार. करारनाम्याच्या एका पानावर दुचाकींची जागा आखली आहे, चालू स्थितीतल्या. नानांची जावा गेली तीन वर्षे सुरू झालेली नाही. सुटे भाग मिळवता येतात, पण नानांच्या गुडघ्यांना आता तो किकचा दांडा झेपत नाही. तरी रोज सकाळी ते तिला पुसतात. मोतीबिंदूनंतर एका डोळ्याने कमी दिसते, म्हणून हाताने चाचपून पुसतात.

गणपती झाले आणि आम्ही जागा सोडल्या. नाना कल्याणला लेकीकडे गेले. तिचे घर चौथ्या मजल्यावर आणि खाली फटफटीला जागा नाही. भंगारवाला दोनदा येऊन टाकी ठोकून गेला होता. शेवटी जावा माझ्याकडे आली. भास्कर कॉलनीत आम्ही भाड्याने घेतलेल्या घराला मागे हातभर पडवी आहे, तिथे ती उभी आहे. नानांनी तिच्याबरोबर पत्र्याचा एक डबाही दिला. त्यात बनियनचे तुकडे, दातांचे दोन ब्रश, लांब चोचीची ऑइलची कुपी. ट्रंकेतून दागिने काढून द्यावेत तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला.

“रोज पुसतो नाना,” मी म्हणालो.

“रोज कशाला? रविवारी पूस. मी येतो.”

गेल्या रविवारी नाना आले. कल्याणहून गाडीने, स्टेशनपासून चालत. चहा नको म्हणाले. सरळ पडवीत गेले, जावाच्या मागच्या मडगार्डाखाली, बाहेरून दिसत नाही अशा जागी बोट फिरवले, आणि ते बोट चांगल्या डोळ्यासमोर धरून पाहिले. माझी कन्या आणि मी परीक्षेला बसल्यासारखे दारात उभे होतो.

नानांनी बोट धोतराला पुसले आणि म्हणाले, “बादली आण.”